चार दिवसांच्या कामासाठी परदेशी जाताना

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यातील दुपारच्या सत्रात केलेले भाषण)



श्रीखंड-पुरीच्या जेवणानंतर व्हिसाच्या नियमांवर बोलायला उभे राहणे म्हणजे धाडसच आहे. मागच्या बाकांवरच्या मंडळींनी शाळेतली दुपारची सवय आजही पाळली तर माझी हरकत नाही. पण विषय मी हट्टाने मागून घेतला, त्याला कारण आहे. कंपनीतल्या लोकांना परदेशी पाठवण्याची कागदपत्रे तयार करणे हे माझे गेल्या कित्येक वर्षांचे काम. आपला व्हॉट्सॲप ग्रुप सुरू झाल्यापासून मला येणाऱ्या फोनपैकी निम्मे याच विषयाचे असतात. कुणाला परिषदेत निबंध वाचायचा आहे, कुणाच्या कारखान्याचे मशीन परदेशात बसवायचे आहे, कुणाच्या नाटकाला तिकडच्या मंडळाचे आमंत्रण आहे. आणि प्रत्येकाचे वाक्य एकच असते : "अगं, चारच दिवसांचा प्रश्न आहे, मुलाकडे जायचा दहा वर्षांचा व्हिसा आहे माझ्याकडे. चालेल ना?"

कधी चालते, कधी चालत नाही. ते कशावर ठरते, तेवढेच आज सांगते. अमेरिका आणि ब्रिटन या दोनच देशांबद्दल बोलते, कारण आपल्यापैकी बहुतेकांचे जाणे तिथे असते.

पहिली अडचण आपल्या भाषेची आहे. मराठीत "काम" हा शब्द सगळ्याला पुरतो. बँकेत काम आहे, लग्नाचे काम आहे, मुंबईला कामासाठी गेलो होतो. त्याच सवयीने आपला माणूस विमानतळावरच्या खिडकीपाशी सांगतो, "आय हॅव कम फॉर वर्क." त्या खिडकीमागच्या अधिकाऱ्यासाठी "वर्क" म्हणजे नोकरी, त्या देशातल्या माणसाच्या जागी बसून करायचे काम. आमच्याकडून गेलेला एक तरुण इंजिनिअर नुसत्या बैठकीसाठी गेला होता. या एका वाक्यापायी त्याला आतल्या खोलीत तीन तास बसवून ठेवले. पिशवीत आमंत्रणाचे पत्र होते म्हणून सुटला.

मग नियम काय बघतो? आपल्याला व्याकरण शिकवणाऱ्या बाई आज पहिल्या रांगेत बसल्या आहेत. त्या सांगायच्या, वाक्य कितीही लांब असो, आधी क्रियापद शोधा. व्हिसाचेही तसेच आहे. किती दिवस जाणार हा प्रश्न दुसरा. पैसे कोण देणार हा महत्त्वाचा, पण तोही नंतरचा. पहिला प्रश्न, तिथे जाऊन तुम्ही नेमके काय करणार? भेटणार, ऐकणार, बोलणार, बघणार, बसवणार, शिकवणार, विकणार, गाणार? प्रत्येक क्रियापदाचे उत्तर वेगळे आहे.

अमेरिकेपासून सुरुवात करू. तिथे अल्पकालीन व्यावसायिक भेटीचा व्हिसा म्हणजे बी-१. आपल्याकडे तो बहुधा पर्यटनाच्या बी-२ सोबत एकत्रच मिळतो, त्यामुळे नातवंडांना भेटायला घेतलेल्या व्हिसावरही "बी१/बी२" असे छापलेले असते. त्यावर सहकाऱ्यांशी सल्लामसलत करता येते, करारावर बोलणी करता येतात, व्यावसायिक किंवा शास्त्रीय परिषदेला हजर राहता येते, वारसाहक्काच्या मालमत्तेचा निकाल लावायलाही जाता येते. अमेरिकेतल्या मालकाकडून पगार घेऊन त्याचे काम करता येत नाही.

यातली रेघ कुठे पडते ते एका शिंप्याच्या खटल्यावरून चांगले कळते. हाँगकाँगच्या एका शिवणकामाच्या दुकानाचा माणूस अमेरिकेत जाई, गिऱ्हाइकांची मापे घेई, ऑर्डर आणि पैसे घेई आणि सगळे हाँगकाँगला पाठवी. सूट तिकडे शिवले जात. हा माणूस अमेरिकेत काम करतो की नाही, असा वाद उभा राहिला. १९६६ साली निकाल पक्का झाला की हे बी-१ मध्ये बसते, कारण धंद्याचे मुख्य ठिकाण आणि नफा जमा होण्याची जागा परदेशातच होती. त्या माणसाचे आडनाव हिरा. साठ वर्षे होत आली तरी या विषयाच्या चर्चेत हिरा खटला निघतोच. मापे घेणे चालले. तिथेच दुकान थाटून सूट शिवायला बसला असता तर गोष्ट वेगळी झाली असती.

आता आपल्या एमआयडीसीवाल्या मित्रांचा प्रश्न. आपण मशीन विकले, ते बसवायला आपला फिटर पाठवायचा. बी-१ वर हे चालते, पण अटी आहेत. मशीन अमेरिकेबाहेरच्या कंपनीकडून घेतलेले हवे. मशीन बसवून देण्याची किंवा दुरुस्तीची जबाबदारी विक्रीच्या मूळ करारातच लिहिलेली हवी. जाणाऱ्याकडे त्या मशीनचे खास ज्ञान हवे आणि त्याचा पगार अमेरिकेतून निघता कामा नये. प्रत्यक्ष बांधकाम करता येत नाही, मात्र बांधकाम करणाऱ्यांवर देखरेख करणे किंवा त्यांना शिकवणे चालते.

कागदावर सोपे वाटते. ४ सप्टेंबर २०२५ रोजी जॉर्जिया राज्यात ह्युंदाई आणि एलजी यांच्या बॅटरी कारखान्याच्या बांधकामावर अमेरिकी अधिकाऱ्यांनी धाड घातली आणि ४७५ जणांना ताब्यात घेतले. त्यातले ३०० हून अधिक दक्षिण कोरियाचे नागरिक होते. बरेच जण अल्पकालीन व्यावसायिक व्हिसावर किंवा व्हिसामाफीवर आलेले. अधिकाऱ्यांचे म्हणणे, हे बेकायदा काम करत होते. त्यांच्यातल्या काहींच्या वकिलांचे म्हणणे, ही यंत्रे बसवायला आलेली तज्ज्ञ माणसे आहेत. आठवडाभर कोठडीत काढून ती मंडळी खास विमानाने मायदेशी परतली. त्यानंतर दोन्ही देशांनी चर्चा केली आणि परदेशातून घेतलेली यंत्रसामग्री बसवणे, तिची देखभाल आणि दुरुस्ती बी-१ वर करता येते, असे स्पष्ट झाले. हातापायात बेड्या घातलेल्या कामगारांची चित्रे तोवर जगभर फिरली होती. म्हणून मी कारखानदार मित्रांना सांगते, कराराची प्रत नुसती ऑफिसच्या फायलीत ठेवू नका, फिटरच्या पिशवीत द्या. आणि तिथल्या माणसाने "जरा हेही बघून देता का" म्हणून करारात नसलेले काम सांगितले, तर नाही म्हणायला त्याला आधीच शिकवून ठेवा.

आयटीतल्या मित्रांना दुसरे प्रकरण आठवत असेल. २०१३ मध्ये इन्फोसिसने अमेरिकी सरकारशी तडजोड करून ३.४ कोटी डॉलर भरले. एच-१बी लागणाऱ्या कामासाठी माणसे बी-१ वर पाठवली, असा सरकारचा आरोप होता. कंपनीने तो फेटाळला होता. आरोपांमध्ये एक गोष्ट अशीही होती की, कामासारखे वाटणारे शब्द टाळा, अशा सूचना कर्मचाऱ्यांना दिल्या होत्या. कोण बरोबर कोण चूक यात मी पडत नाही. पण एजंट जेव्हा तुम्हाला "वर्क म्हणू नका, मीटिंग म्हणा" असा सल्ला देतो, तेव्हा स्वतःला विचारा, तुम्ही खरोखर मीटिंगलाच जाताय ना? जात असाल तर "मीटिंग" हाच योग्य शब्द आहे. तिथे बसून दोन महिने कोडिंग करणार असाल तर शब्द बदलून क्रियापद बदलत नाही.

प्राध्यापक मंडळींसाठी अमेरिकेत एक चांगली सोय आहे आणि ती फार थोड्यांना ठाऊक असते. १९९८ च्या कायद्याने विद्यापीठे आणि ना-नफा संशोधन संस्थांना पाहुण्या व्याख्यात्याला मानधन देण्याची मुभा मिळाली. एका संस्थेत नऊ दिवसांपेक्षा जास्त नाही, आणि सहा महिन्यांत पाचपेक्षा जास्त संस्थांकडून नाही. नऊ, पाच, सहा, एवढे लक्षात ठेवा. सहावे आमंत्रण आले तर व्याख्यान जरूर द्या, पाकीट मात्र घेऊ नका.

आणि आता नाटक-गाणेवाले. उत्तर अमेरिकेच्या बृहन्महाराष्ट्र मंडळाचे अधिवेशन दर दोन वर्षांनी असते, शिवाय गावोगावची मंडळे गणपती-दिवाळीला कार्यक्रम ठेवतात. इथे सर्वात मोठा गैरसमज आहे : "मानधन घेणार नाही, मग काय हरकत आहे?" हरकत आहे. जो एरवी हौस म्हणून गातो आणि पैसे घेत नाही, त्याला बी-२ वर विनामोबदला कार्यक्रमात भाग घेता येतो. पण ज्याला एरवी गाण्याचे पैसे मिळतात, तो केवळ या वेळी पैसे सोडतो म्हणून हौशी ठरत नाही. त्याच्यासाठी वेगळा व्हिसा आहे. आपल्या लोककला-नाटकांसाठी बहुधा पी-३. तो अर्ज तिकडच्या आयोजकाने तिथल्या सरकारकडे करायचा असतो आणि त्याला वेळ लागतो. तेव्हा मंडळाचे आमंत्रण आले की तारखेच्या आधी विचारा, "आमच्यासाठी अर्ज तुम्ही कधी करताय?"

ब्रिटनमध्ये हेच क्रियापद वेगळे चालते. तिथल्या साध्या व्हिजिटर व्हिसावर कलाकाराला विनामोबदला कार्यक्रम करता येतो, मग तो व्यावसायिक असला तरी. सरकारने यादीत घातलेल्या काही ठरावीक महोत्सवांत पैसेही घेता येतात. शिवाय निमंत्रित तज्ज्ञांना मोबदला घेता येईल अशी सोय आहे. पूर्वी तिच्यासाठी वेगळा व्हिसा लागे, ३१ जानेवारी २०२४ पासून ती साध्या व्हिजिटर व्हिसातच आणली. परीक्षक म्हणून जाणारे प्राध्यापक, व्याख्याते, वकील, कलाकार, खेळाडू आणि आता परिषदेतले वक्ते त्यात येतात. अटी दोन पक्क्या : कार्यक्रम निघण्याआधी ब्रिटनमधल्या संस्थेच्या आमंत्रणाने ठरलेला हवा, आणि पोहोचल्यापासून तीस दिवसांत पुरा व्हायला हवा. व्हिसा सहा महिन्यांचा असला तरी हे मोबदल्याचे काम तीस दिवसांतच. त्याच तारखेपासून आणखी एक गोष्ट मोकळी झाली. ब्रिटनमध्ये लेकीकडे राहून भारतातल्या ऑफिसचे काम लॅपटॉपवर करणे चालते, मात्र जाण्याचा मुख्य हेतू तो असता कामा नये.

व्यापारी प्रदर्शनाला जाणाऱ्यांनी हेही ऐकावे. ब्रिटनमध्ये स्टॉल लावून मालाची माहिती देता येते, ऑर्डरची बोलणी करता येतात, पण समोरच्या गिऱ्हाइकाला तिथेच माल विकता येत नाही. मसाल्याची पाकिटे नमुना म्हणून चाखायला द्या, पण पैसे घेऊन विकू नका. आणि डॉक्टर मित्रांनो, तिकडच्या रुग्णालयात निरीक्षणासाठी राहता येते. रुग्णाला हात लावून उपचार करता येत नाहीत, मग तुमचा अनुभव तीस वर्षांचा का असेना.

इतके सगळे सांभाळायचे कशासाठी? विमानतळावरून परत पाठवले तर तिकिटाचे पैसे जातात, ते एक वेळ सोसता येईल. पण खोटे सांगितले असे ठरले तर ब्रिटनचे दार दहा वर्षांपर्यंत बंद होऊ शकते. अमेरिकेत तर जाणूनबुजून दिलेल्या खोट्या माहितीचा ठपका आयुष्यभर राहतो. सूट मागता येते, मिळेलच असे नाही. आपल्यातल्या निम्म्यांची मुले तिकडे आहेत. चार दिवसांच्या मानधनापायी पुढे नातवाच्या मुंजीला किंवा लेकीच्या बाळंतपणाला जाता आले नाही, तर तो हिशेब कोणत्या चलनात मांडणार? आणि अमेरिकेच्या हद्दीवर अधिकाऱ्यांना तुमचा फोनही तपासता येतो. कागदात "परिषद" आणि फोनमधल्या निरोपांत "सोमवारपासून शिफ्टला ये" असे असले की पुढचे काही सांगायला नको.

म्हणून जाण्यापूर्वी एवढे करा. आमंत्रणाचे पत्र नीट मागून घ्या. कोण बोलावतो, कोणत्या तारखांना, काय करायचे, खर्च कोण देणार, मोबदला आहे का, हे त्यात स्पष्ट असू द्या. अर्ज, पत्र आणि तुमचे तोंडी उत्तर यांत एकच गोष्ट असू द्या. अर्ज एजंटने भरला तरी सही करण्यापूर्वी शेवटपर्यंत वाचा, कारण उत्तर तुम्हालाच द्यायचे असते. नियम बदलत राहतात, तेव्हा त्या त्या देशाच्या सरकारी संकेतस्थळावर त्या आठवड्यात काय लिहिले आहे ते बघा, माझ्या आजच्या भाषणावर विसंबू नका. आणि खिडकीपाशी अधिकारी विचारेल तेव्हा छोटे, खरे वाक्य बोला : "मी तीन दिवसांच्या परिषदेत निबंध वाचायला आले आहे." बाईंनी शिकवलेले कर्ता, कर्म, क्रियापद तेवढे जागेवर असले की पुरते.

वेळ संपल्याची घंटा झाली आहे आणि ती आजही तितकीच गोड वाटते. ज्यांची तिकिटे काढून झाली आहेत त्यांनी चहाच्या वेळी मला गाठावे. कागद बरोबर आणले असतील तर ते इथेच बघून देते.