सागरसफरीचा विमा किती रकमेचा असावा?

अथेन्सच्या पिरेअस बंदरातून निघून एजियन समुद्रातील बेटांचे दर्शन घडविणाऱ्या जहाजावर जागा राखून ठेवणाऱ्या आपल्याकडील प्रवाशास शेंगेन व्हिसाच्या अर्जासोबत किमान 30,000 युरोंच्या वैद्यकीय संरक्षणाचा दाखला जोडावा लागतो; परंतु तेवढ्याने वकिलातीच्या दप्तराची गरज भागते, इतकेच. जहाजावरील दवाखान्यात तातडीचे उपचार होतात आणि त्यांचे बिल प्रवाशाच्याच खाती पडते. मात्र हृदयविकाराच्या रुग्णास हेलिकॉप्टरने किनाऱ्यावर नेण्याचा, तेथील रुग्णालयात ठेवण्याचा आणि पुढे परिचारिकेसह मुंबईस पोहोचविण्याचा प्रसंग उद्भवला, तर ही रक्कम सहज अपुरी पडू शकते. म्हणून उपचार व स्थलांतर यांसाठी, विशेषतः वयोवृद्धांनी, निदान एक लाख युरोंची तरतूद करावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

सफर रद्द झाल्यास मिळावयाच्या भरपाईचा हिशेब सोपा आहे: जे पैसे परत मिळणार नाहीत, तेवढ्यांचाच विमा उतरवावा, कारण प्रत्यक्ष नुकसानीहून अधिक भरपाई सहसा मिळत नाही.

जहाज तुर्कस्तानातील कुशादासी बंदरी थांबणार असेल, तर केवळ शेंगेन प्रदेशापुरता मर्यादित विमा तेथे निरुपयोगी ठरतो, हे पैसे भरण्यापूर्वीच पाहावे. मधुमेह, रक्तदाब यांसारखे जुने विकारही अर्जात निःसंकोच नमूद करावेत. ते दडविल्यास परक्या मुलुखात, ऐन संकटसमयी, दावा नामंजूर होण्याची भीती असते.