कांच धुण्याची काठी आणि पाण्याची तोटी



तारापूर-चिंचणीच्या बाजूस ज्यांचें बालपण गेलें त्यांना वाडींतला पाट ठाऊक असतो. विहिरीचें पाणी पाटांत सोडावयाचें, पहिला वाफा भरत आला कीं फावड्यानें माती ओढून त्याचें तोंड बुजवावयाचें आणि दुसऱ्याचें उघडावयाचें. हें काम बहुधा घरांतल्या पोराकडे असे, आणि वाडीचें बरेंवाईट त्या पोराच्या लक्षावर अवलंबून असे. पाणी फार झालें तर मुळें कुजत, थोडें झालें तर शेवटचा वाफा कोरडा राही. मी मॅट्रिकपर्यंत शिकलों, प्राथमिक शाळेंत मास्तर झालों आणि यथाकाळ पेन्शनींत निघालों. परंतु पाणी किती सोडावें ही विद्या मी शाळेंत नव्हे, पाटावर शिकलों. आणि तीहि मला पुरती आली नव्हती, हें गेल्या मे महिन्यांत बोईसर येथें माझ्या ध्यानांत आलें. तीच हकीकत आज सांगावयाची आहे.

बोईसर-तारापूरच्या औद्योगिक वसाहतींत आतां कचेऱ्यांच्या इमारतींना भिंतींच्या जागीं कांचाच कांचा असतात. ही हौस थंड मुलखाची. आमच्याकडे समुद्रावरून खारा वारा येतो, रस्त्यावरून धूळ येते, आणि कारखान्यांच्या धुराड्यांतून काय काय येतें तें येथल्या लोकांस सांगावयास नको. महिन्याभरांत कांचेवर असा थर बसतो कीं आंतल्या साहेबाला बाहेरचा पाऊस दिसूं नये. माझा एक जुना विद्यार्थी या कांचा धुण्याचीं कंत्राटें घेतो. पूर्वीं तो शिडीवर नाहीं तर दोराच्या झुल्यावर चढत असे, आणि तो घरीं परत येईपर्यंत त्याच्या आईचा जीव टांगणीला लागलेला असे. आतां तो जमिनीवर उभा राहून चौथ्या मजल्याची खिडकी धुतो. शिडीवरून पडून होणारे अपघात सर्वत्रच फार. ब्रिटनमध्यें उंचीवरील कामांसंबंधीं २००५ सालीं नियम झाले. उंचावर न चढतां जें काम करतां येईल तें खालूनच करावें, असा त्यांचा रोख आहे. तेव्हांपासून तिकडे ही काठी फारच रूढ झाली.

काठी म्हणजे एकांत एक सरकणाऱ्या पोकळ नळ्या. शेवटीं एक रुंद कुंचा आणि त्यांत दोन बारीक तोंडें. काठीच्या पोटांतून एक नळी वर जाते आणि त्या तोंडांतून पाण्याच्या धारा कांचेवर पडतात. खालीं टाकी, टाकीपाशीं बारा व्होल्टच्या बॅटरीवर चालणारा छोटा पंप. साबण नाहीं, फडकें नाहीं, पुसणें नाहीं. धुवावें आणि तसेंच वाळूं द्यावें.

पुसलें नाहीं तर डाग कसे पडत नाहींत, असा प्रश्न कोणीहि विचारील. मींहि विचारला. पाणी वाळतें तेव्हां पाणी तेवढें उडून जातें आणि त्यांत विरघळलेले चुना, मॅग्नेशियम, मीठ असले क्षार मागें राहतात. तोच तो पांढरा डाग. आमच्या किनाऱ्याच्या बोअरिंगच्या पाण्यानें तांब्याभांड्यांवर पुटें चढतात तींच हीं. अशा पाण्यास घरोघर जड पाणी म्हणतात, पण तारापुरांत हा शब्द जपून वापरावा लागतो. येथल्या अणुवीजकेंद्राच्या १९६९ सालच्या पहिल्या दोन भट्ट्या साध्या पाण्यावरच्या, आणि तिसऱ्या-चौथ्या भट्टींत जें जड पाणी वापरतात तें निराळेंच! असो. तर कांच धुण्याचें पाणी आधीं सूक्ष्म पडद्यांतून दाबानें गाळतात, मग राळेच्या मण्यांतून नेतात, आणि त्यांतले क्षार जवळजवळ शून्यावर आणतात. असें पाणी वाळलें कीं मागें कांहींच उरत नाहीं.

परंतु हें पाणी फुकट होत नाहीं. माझ्या विद्यार्थ्याच्या यंत्रांत १००० लिटर बोअरिंगचें पाणी घालावें तेव्हां सुमारें ५०० लिटर शुद्ध पाणी मिळतें. बाकीचें पूर्वीपेक्षां अधिक खारें होऊन बाहेर पडतें. तें झाडांस घालतां येत नाहीं, संडास धुण्यास जातें. म्हणजे कुंच्यावाटे वांयां गेलेला एक लिटर हा खरोखर विहिरीचे दोन लिटर होत. काठीच्या कामांत सारें कौशल्य घासण्यांत आहे असें पाहणाऱ्यास वाटतें. पण खरें कौशल्य पाणी किती सोडावें यांतच आहे.

प्रवाह आंवरण्याचे उपाय दोन. एक, काठीच्या बुडाशीं असलेली तोटी. ती आडवी केली कीं पाणी थांबतें. दुसरा, पंपाची गतीच कमीअधिक करणारा एक विजेचा नियंत्रक. तो मोटारीचा वीजप्रवाह अतिशय जलद तोडतो-जोडतो, आणि या तोडजोडीच्या प्रमाणांत मोटार हळू वा जोरानें फिरते. त्याची आणखी एक खुबी आहे. तोटी बंद झाली, नळी पिळली किंवा तिच्यावरून गाडीचें चाक गेलें, तर पंपावर भार वाढतो आणि तो जास्त वीज ओढूं लागतो. नियंत्रक हें ओळखून पंप थांबवितो. मात्र नेहमीचा भार कोणता आणि अडल्याचा कोणता हें त्याला आधीं शिकवावें लागतें, आणि नळी बदलली कीं पुन्हां शिकवावें लागतें. शंभर मीटरची लांब नळी जोडली तर तिच्या घर्षणाचाच भार इतका होतो कीं, बिचारें यंत्र तिला अडलेली नळी समजून घडोघडी थांबतें. वर्गांतल्या एखाद्या फार हुशार मुलासारखें तें वागतें. प्रश्न पुरा होण्याआधींच उत्तर देतें.

उंचीचाहि हिशेब आहे. पाण्याचा दहा मीटर उंचीचा स्तंभ दर चौरस सेंटिमीटरवर सुमारें एक किलोग्रॅम दाब देतो. चौथ्या मजल्याची खिडकी बारा मीटरांवर धरली, तर एक थेंबहि बाहेर पडण्यापूर्वीं पंपाला तेवढा दाब निव्वळ उचलण्यासाठींच खर्चावा लागतो. म्हणून वर जी धार बेताची वाटते तीच काठी तळमजल्यावर आणली कीं पाण्याचा धबधबा होतो. जो कामगार सकाळीं एकदां कळ फिरवून दिवसभर तिला हात लावीत नाहीं, तो वर तरी कांच अर्धवट धुतो नाहीं तर खालीं पाणी उधळतो.

आतां माझ्या पराक्रमाकडे वळतों. मे महिन्यांतला रविवार होता. एका कचेरीची चार मजली इमारत संध्याकाळपर्यंत धुवून द्यावयाची होती, कारण दुसऱ्या दिवशीं तेथें पाहुणे यावयाचे होते. काम वेळेवर झालें तर वर्षाचें कंत्राट, नाहीं तर दुसरा माणूस तयारच. बोअरिंग आटत आलेलें, रात्रभर यंत्र चालवून ५०० लिटरची एक टाकी काय ती भरलेली. मी सहज पाहावयास गेलों होतों. सकाळच्या दोन तासांत मिनिटाला दोन लिटर या मानानें २४० लिटर खर्च झालें आणि वरचे दोन मजले उरकले. मग तो काठी भिंतीला टेकवून मदतनिसाशीं बोलावयास गेला. कुंच्यांतून पाणी जमिनीवर गळत होतें. माझ्यांतला मास्तर जागा झाला. मीं पुढें होऊन काठीची तोटी आडवी केली आणि मोठ्या ऐटींत सांगितलें, “मीं बंद केलें आहे, चला, आधीं जेवून घ्या.”

तोटी बंद होती, पण इमारतीच्या मागच्या बाजूस पंप चालूच होता. आदल्या आठवड्यांत त्यानें लांब नळी जोडली होती. यंत्र सारखें थांबूं लागलें म्हणून त्याची अडथळा ओळखण्याची कळ अगदींच ढिली करून ठेविली होती. त्यामुळें तोटी मिटल्याचें त्याला कळलें नाहीं. पंपाचा स्वतःचा दाबाचा खटका असतो, पण तो पडण्यापूर्वींच टाकीजवळचा एक दुबळा सांधा सुटला. आम्ही पुढच्या सावलींत अर्धा तास भाकरी खात बसलों आणि मागें शुद्ध पाणी गटारांत चाललें होतें. उठून पाहतों तों टाकींत १२० लिटर! म्हणजे १४० लिटर गेलें. विहिरीच्या हिशेबानें २८०. हंडा १५ लिटरांचा धरला तर अठराहून अधिक हंडे. आमच्याच पालघर जिल्ह्याच्या पूर्वेस, जव्हार-मोखाड्याच्या डोंगरांत, पावसाळ्यांत आभाळ फाटतें आणि मे महिन्यांत बायका टँकरची वाट पाहत उभ्या असतात. ते अठरा हंडे मला दिवसभर डोळ्यांपुढें दिसत होते.

लाज वाटण्यास आणखीहि कारण होतें. हाच मुलगा तिसरींत असतांना शाळेच्या पाण्याच्या पिंपाची तोटी उघडी ठेवून खेळावयास गेला, म्हणून मीं त्याला एक तास वर्गाबाहेर उभा केला होता. तो तें विसरला असेल अशी मला आशा होती. मीं क्षमा मागूं लागलों तेव्हां तो म्हणाला, “गुरुजी, सांधा मीं बांधला होता आणि कळहि मींच ढिली केली होती. तोटी मिटण्यांत काय चूक?” आणि क्षणभर थांबून हळूच म्हणाला, “आपणच शिकविलें आहे.”

मग आम्ही हिशेबास बसलों. खालचे दोन मजले, सुमारें दोन तासांचें काम आणि १२० लिटर पाणी. म्हणजे मिनिटाला एक लिटर. नेहमीच्या निम्में. नुसती गती निम्मी केली तर धार मंदावते आणि सुटलेला मळ कांचेवरच घोटाळतो. त्यानें कुंच्याचीं तोंडें बदलून अधिक बारीक तोंडें लाविलीं, म्हणजे पाणी थोडें, पण धारेंत जोर राहतो. नियंत्रकाला नव्या भाराची ओळख पुन्हां करून दिली. आणि कामाचे दोन भाग पाडले. घासतांना पाणी अगदीं थोडें, मळ भिजेल इतकेंच. शेवटच्या धुण्यास तेवढें मोकळें. एका खिडकीवरून दुसऱ्या खिडकीवर जातांना पंप बंद.

पहिल्याप्रथम वरची चौकट घासावयाची, हेंहि त्यानें मला तेव्हांच दाखविलें. चौकटींत साचलेली घाण मागाहून ओघळली तर धुतलेली कांच फुकट जाते आणि तीच पुन्हां धुवावी लागते. कांचेचेहि स्वभाव दोन. एकीवर पाणी चादरीसारखें पसरतें. तिला थोडें पाणी पुरतें आणि कुंचा न उचलतां धुतां येते. दुसरीवर अळवाच्या पानासारखे थेंब होतात. तेथें कुंचा किंचित् मागें घेऊन वरून खालीं धार फिरवावी लागते आणि पाणी जास्त लागतें. खालच्या मजल्याच्या बहुतेक कांचा सुदैवानें पहिल्या जातीच्या निघाल्या.

मला त्यानें पंपापाशीं बसविलें. तो पुढून हांक मारी, “गुरुजी, सोडा!” मग मी कळ थोडी वर नेई, “पुरे!” म्हटलें कीं खालीं आणी. कळीच्या भोंवतीं मीं पेन्सिलीनें तीन खुणा केल्या: घासणें, धुणें, बंद. एकदां मागच्या अंगास काठी फिरवितांना तो विजेच्या तारांच्या बाजूस गेला, तेव्हां मात्र मीं हांकेची वाट न पाहतां ओरडलों. या काठ्या कार्बनच्या धाग्यांच्या असतात, त्यांतून वीज वाहते, आणि आंत पाण्याची ओली नळी. तारा असल्या तर ती बाजू सोडून द्यावी. तेथें कंत्राटाचा विचार करूं नये. ती बाजू आम्ही सोडली.

सूर्य मावळावयाच्या सुमारास टाकीचा तळ खडखडला. मागच्या अंगाच्या तीन खिडक्या राहिल्या होत्या. त्या त्यानें तळमजल्यावर उभें राहून बादलीभर पाण्यानें, फडक्यानें आणि रबराच्या पट्टीनें जुन्या पद्धतीनें पुसून काढल्या. तारांच्या बाजूची भिंत न धुतां राहिली, आणि ती कां राहिली हें त्यानें मालकाच्या माणसाला तोंडावर सांगितलें. तो माणूस कांहीं बोलला नाहीं. कंत्राट सहा महिन्यांचें मिळालें, वर्षाचें नाहीं.

परवां मी पुन्हां त्याच्याकडे गेलों होतों. टाकीजवळच्या सांध्यावर आतां लोखंडी पट्टा आवळलेला आहे. नियंत्रकाच्या कळीवर मीं केलेल्या पेन्सिलीच्या खुणा पुसट झाल्या होत्या, म्हणून त्यानें त्यांवर आपल्या बायकोच्या नखांचा लाल रंग लाविला आहे. त्याचा लहान मुलगा शेजारीं उभा होता. त्याला मीं सहज विचारलें, “बाळ, तळमजल्याला कोणती खूण?” त्यानें आधीं बापाकडे पाहिलें आणि मग नेमकें खालच्या खुणेवर बोट ठेविलें.