‘आजींना बरं नाही’ एवढ्यानं भागत नाही

(शिरूर आणि दौंड तालुक्यांत वृद्धांची सेवा करणाऱ्या बायांच्या बैठकीत केलेलं भाषण)

मैत्रिणींनो,

मला भाषणाची सवय नाही. अकरा वर्षं मी एका वृद्धाश्रमात मावशी म्हणून काम केलं. तिथं मावशीनं ऐकायचं असतं, बोलायचं नसतं. तेव्हा अडखळले तर सांभाळून घ्या.

आमच्याकडे खिडकीजवळच्या खाटेवर एक आजी होत्या. सारा जन्म दौंडला रेल्वेच्या चाळीत गेलेला. सकाळी डोळे उघडले की पहिला प्रश्न, ‘गाडी गेली का गं?’ रूळ तिथून कुठल्या कुठं लांब, पण प्रश्न रोजचा. एक दिवस त्यांनी विचारलंच नाही. चहा अर्धा ठेवला. पदर उलट्या खांद्यावर घेतला. माझ्या मनात चुकचुकलं. मी व्यवस्थापकांना सांगितलं, ‘आजींना बरं नाही.’ त्यांनी डॉक्टरांना फोन लावला. तिकडून विचारलं, ताप आहे का? नाही. खोकला? नाही. मग वय झालंय, दोन दिवस बघा.

दोन दिवस आम्ही बघितलं. आजी झोपूनच होत्या. तिसऱ्या रात्री धाप लागली, तेव्हा पुण्याला हलवलं. न्यूमोनिया निघाला. आजी परत आल्या नाहीत. डॉक्टर नंतर मलाच म्हणाले, ‘आधी का नाही सांगितलं?’

सांगितलं होतं की! पण मी काय सांगितलं होतं, हा प्रश्न मला रात्री झोपू देईना.

पुढे एका नर्सताईंकडून मी शिकले. म्हाताऱ्या माणसाला न्यूमोनिया झाला किंवा लघवीत जंतू झाले, तर ताप-खोकला येईलच असं नाही. माणूस अचानक गप्प होतं, बरळतं, जेवण टाकतं, पडतं. सकाळी बरं, संध्याकाळी भ्रमल्यासारखं. घरचे म्हणतात, विसरभोळेपणा वाढला. पण विसरभोळेपणा महिन्या-महिन्यांनी वाढतो. एका रात्रीत झालेला बदल म्हणजे दुखणं, आणि त्याला बहुतेक वेळा इलाज असतो. तापाचंही तसंच. एखाद्या आजीचं अंग नेहमी ९७ असेल, तर ९९ हा तिचा ताप. पण नेहमीचं किती, हे कोणी लिहिलेलं असेल तर ना!

श्वास मोजायलाही तिथंच शिकले. पुरतं एक मिनिट, पोटाकडे बघत. स्वस्थ पडलेल्या म्हाताऱ्या माणसाचा श्वास मिनिटाला २५ च्या वर गेला, तर थांबायचं नाही. हे काही डॉक्टरांचंच काम नव्हे. गडचिरोलीत डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेनं खेड्यातल्या कमी शिकलेल्या बायांना बाळांचे श्वास मोजायला शिकवलं, न्यूमोनिया ओळखायला शिकवलं, आणि त्यातून बालमृत्यू कमी झाले. त्यांना जमलं, ते आपल्याला का जमू नये?

आता मी फोनवर अशी बोलते: ‘डॉक्टर, मी मावशी बोलतेय. ऐंशी वर्षांच्या आजी, मधुमेह आहे. कालपर्यंत हात धरून न्हाणीघरात जात होत्या. आज सकाळपासून उठत नाहीत, मला ओळखत नाहीत. श्वास २८. कालपासून लघवी दोनदाच. परवा झोपेची नवी गोळी सुरू झालीय. तुम्ही येताय, की आम्ही दवाखान्यात नेऊ?’ शेवटचा प्रश्न गाळायचा नाही. तो विचारला की ‘बघू’ म्हणता येत नाही. मिळालेलं उत्तर वेळेसकट वहीत लिहायचं. आणि उत्तर काहीही येवो, धाप लागली, तोंड वाकडं झालं, हाक मारून माणूस जागं होईना, तर वाट न बघता १०८ ला फोन.

पहिल्यांदा अशी बोलले तेव्हा ऐकून घ्यावं लागलं, ‘तुम्ही डॉक्टर झालात का?’ मी म्हटलं, नाही, पण मी त्यांना रोज आंघोळ घालते.

सगळा दोष आपल्या बोलण्याचा आहे, असं मात्र मी मानत नाही. तीस खाटांना दोघी, रात्रीला एकटी. फोन ऑफिसात कुलूपबंद. दवाखान्याचा खर्च कोणी करायचा म्हणून नातेवाइकांची चालढकल. आणि मावशीचं म्हणणं साहेबांच्या तोंडून जातं, तेव्हा त्यातली गाडीही गळते आणि पदरही. आपल्या दौंड तालुक्यात केडगावला ज्यांनी मुक्ती सदन उभं केलं, त्या पंडिता रमाबाईंनी १८८२ मध्ये पुण्यात हंटर कमिशनपुढे साक्ष दिली होती. इथल्या बायका पुरुष डॉक्टरला दुखणं सांगत नाहीत, त्यापायी जीव जातात, म्हणून बायका डॉक्टर व्हायला हव्यात, असं त्यांनी सांगितलं. आज डॉक्टरीणबाई तालुक्याला आहेत. तरी आजीला बोलता येत नाही आणि जिला दिसतं तिला बोलू देत नाहीत. म्हणून पगाराच्या मागणीबरोबर ही मागणीही लिहा: प्रत्येक खाटेला वही, आणि मावशीला डॉक्टरांशी थेट फोन.

वह्या मी आणल्यात, जाताना घेऊन जा. आता दोघी-दोघी समोरासमोर बसा. एकीनं नुसतं पडायचं, दुसरीनं श्वास मोजायचा. घड्याळ मी बघते. आणि हो, मोजतोय हे समोरचीला कळू देऊ नका. मनगट धरून नाडी बघतोय असं दाखवा. कळलं की श्वास बदलतो.