कच्च्या तुरीत काय असते?
(मंडळाच्या वर्धापन दिनी झालेले व्याख्यान)



दिवाळीनंतर आपल्या मंडळाच्या चिटणीसबाई माझ्याकडे आल्या आणि म्हणाल्या, "यंदा वर्धापन दिनाचे व्याख्यान तुमचेच. विषयही ठरला आहे. विद्यापीठातली जीवरसायनशास्त्राची माणसे नेमके कशावर संशोधन करतात, ते आम्हांला समजेल असे सांगा."

असा विषय कोणाला सुचला म्हणून चौकशी केली, तेव्हा खरी गोष्ट कळली. आपल्यापैकीच एका भगिनीची मुलगी एम.एस्सी. झाली आणि आता पुण्याला जाऊन डाळींतील प्रथिनांवर पीएच.डी. करीन म्हणते. घरची मंडळी म्हणतात, "डाळीवर पाच वर्षे? डाळ कशी शिजते ते आईला विचार, पाच मिनिटांत सांगेल." मुलगी रुसली आहे, आई दोघांच्या मध्ये सापडली आहे, आणि निवाडा करायला मला येथे उभे केले आहे. मी आधी अकोल्याला आणि मग अमरावतीला हाच विषय महाविद्यालयात शिकवीत होते. म्हणजे न्यायाधीश एका बाजूचा आहे, हे आधीच सांगून टाकते.

जीवरसायनशास्त्राच्या विभागात गेलात तर प्रत्येक दारामागे वेगळा उद्योग चाललेला दिसेल. कोणी मधुमेहावर, कोणी जंतूंवर, कोणी सिकलसेलच्या रक्तावर. हा सिकलसेल आपल्या मेळघाटात घरोघरी ठाऊक असलेला आजार. तो रक्तातील हिमोग्लोबिन या प्रथिनातच असलेला बिघाड आहे, असे लायनस पॉलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४९ साली अमेरिकेत दाखविले, आणि 'रेणूचा आजार' हा शब्द तेव्हापासून रूढ झाला. तो विषय एका निराळ्या व्याख्यानाचा आहे. सगळी दारे ठोठावीत बसले तर चहा गार होईल, म्हणून आज एकच दार उघडते. ते उघडते थेट आपल्या स्वयंपाकघरात.

तुरीची डाळ कच्ची राहिली की पोट दुखते, हे आपल्याला आजीने सांगितले. का दुखते, हे आजीलाही कोणी सांगितले नव्हते. आपण खाल्लेले प्रथिन आतड्यात तोडले जाते, आणि ते तोडणारी कात्री म्हणजे ट्रिप्सिन नावाचे विकर, ज्याला इंग्रजीमुळे आपण एन्झाइम म्हणतो. कच्च्या डाळीत एक लहानसे प्रथिन असते, ते या ट्रिप्सिनला जाऊन बिलगते. कुलपात किल्ली घालावी, ती आत जावी, पण फिरू नये आणि बाहेरही निघू नये, तसे होते. कात्री अडकली की पचन अडले. कच्चे सोयाबीन खाऊ घातलेल्या उंदरांची वाढ खुंटते, आणि बिचारे स्वादुपिंड जास्त ट्रिप्सिन करण्याच्या खटपटीत सुजून मोठे होते. या अडविणाऱ्या प्रथिनाला आपण अडसर म्हणू. उकळत्या पाण्यात याची घडी विस्कटते आणि त्याचा जोर बहुतेक संपतो. कुकरच्या शिट्ट्या मोजताना आपण रोज हेच काम करीत असतो.

हे अडसर आपल्या देशी डाळींतून आणि भाज्यांतून शोधून काढले ते एका मराठी बाईने. कमला सोहोनी, माहेरच्या भागवत. दुर्गाबाई भागवतांची ही बहीण. १९३३ साली मुंबईची बी.एस्सी. होऊन त्या बंगलोरच्या टाटा इन्स्टिट्यूटमध्ये प्रवेश मागायला गेल्या. वडील आणि काका त्याच संस्थेतून शिकलेले, त्यामुळे घरात कोणाला अडचण वाटलीच नव्हती. पण संचालक होते सर सी. व्ही. रामन, आणि त्यांनी मुलगी म्हणून नाही म्हटले. कमलाबाई हटल्या नाहीत. अखेर प्रवेश मिळाला तो अटींवर: पहिले वर्ष नेहमीची विद्यार्थिनी समजणार नाही, सांगितले तर रात्रीही काम करावे लागेल, आणि प्रयोगशाळेतल्या पुरुषांचे लक्ष विचलित होता कामा नये. ही तिसरी अट मी वर्गात सांगितली की मुली हसत. मला मात्र ती सांगताना अजून राग येतो. वर्षभरात कमलाबाईंनी काम दाखविले, आणि त्यानंतर त्या संस्थेत मुलींना प्रवेश मिळू लागला.

पुढे त्या केंब्रिजला गेल्या. बटाट्यावर काम करताना त्यांना वनस्पतीच्या पेशींत सायटोक्रोम-सी हे श्वसनाचे प्रथिन सापडले, आणि १९३९ साली पीएच.डी. मिळाली. प्रबंध अवघा चाळीस पानांचा होता. परत येऊन दिल्ली, कुन्नूर आणि १९४७ नंतर मुंबईची विज्ञान संस्था. तेथे त्यांनी नीरेचे काम केले, ते पुष्कळांना ठाऊक आहे. मला त्यांचे दुसरे काम जास्त मोलाचे वाटते. १९५५ साली 'नेचर' या विलायती नियतकालिकात त्यांचा आणि आंबे या सहकाऱ्यांचा एक छोटा लेख आला. वालातील आणि डबल बीनमधील ट्रिप्सिनचा अडसर त्यांनी स्फटिकाच्या रूपात वेगळा करून दाखविला होता. वाल म्हणजे हिवाळ्यात आपल्या बाजारात ज्याला आपण पोपट म्हणतो, त्याच शेंगा. त्या सोलताना ज्या बाईने 'यात काय आहे?' असे विचारले, तिला उत्तर शोधायला प्रयोगशाळा लागली. आईला विचारून ते कळले नसते, कारण आईलाही ते ठाऊक नव्हते.

आता कोणी म्हणेल, बरे, डाळ शिजवून खावी हे ठरले. मग पुढे काय राहिले? राहिले ते शेतात आहे.

झाड हा अडसर करते कशासाठी? आपल्याला त्रास देण्यासाठी खचित नाही. अळीलाही पोट असते, आणि तिच्या पोटातही ट्रिप्सिनसारखीच कात्री असते. बटाट्याचे किंवा टोमॅटोचे पान किड्याने कुरतडले, तर झाड इतर पानांतही अडसर साठवू लागते, असे ग्रीन आणि रायन यांनी १९७२ मध्ये अमेरिकेत दाखविले. १९८७ मध्ये इंग्लंडमध्ये चवळीतील अडसराचे जनुक तंबाखूच्या झाडात घातले आणि त्या झाडावर अळीचे काही चालेना. आपल्या चवळीचे!

मग प्रश्न पडतो. तुरीत आणि हरभऱ्यात मुळातच अडसर आहे, तर घाटेअळी आपल्याकडे तुरीच्या शेंगा पोखरते आणि हरभऱ्याचे घाटे रिकामे करते, ती कशी? इथे आपल्याच राज्यातल्या विद्यापीठांनी आणि प्रयोगशाळांनी काम केले आहे. औरंगाबादच्या, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरच्या, विद्यापीठात मानवेंद्र काचोळे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तुरीतील अडसर तपासले. १९९६ च्या त्यांच्या लेखात दिसते की लागवडीच्या तुरीच्या वाणांत हे अडसर जवळजवळ एकाच साच्याचे आहेत, आणि रानतुरीच्या जातींत मात्र ते नाना तऱ्हांचे आहेत. पिढ्यान्‌पिढ्या आपण टपोरा दाणा पाहून बियाणे राखले, त्यात रानातली काही हत्यारे गळून पडली असावीत, असे मला वाटते. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत अशोक गिरी, विद्या गुप्ता, प्रभाकर रांजेकर वगैरे मंडळींनी १९९८ मध्ये हरभऱ्याचे कोडे उलगडले. घाटेअळीच्या पोटात इतक्या प्रकारच्या कात्र्या आहेत की त्यांपैकी काही हरभऱ्याच्या अडसराचेच तुकडे करून टाकतात. अळीही शिकते, भगिनींनो. नंतर त्याच मंडळींनी अळीच्या ओळखीची नसलेली झाडे धुंडाळली, आणि त्यांचे अडसर पाळीपाळीने वापरले तर अळीची वाढ जास्त अडते असे त्यांना आढळले.

यावर कोणी बीटी कपाशीची आठवण करून देईल. बीटीचे प्रथिन निराळे, ते मातीतील एका जिवाणूचे. तेही अळीच्या आतड्यातच काम करते. २००२ साली त्या कपाशीला परवानगी मिळाली आणि काही वर्षे बोंडअळीपासून सुटका झाली असे वाटले. २०१७ साली गुलाबी बोंडअळीने आपली बोंडे आतून पोखरली, तेव्हा काय झाले ते मी सांगायला नको. एकाच हत्यारावर भिस्त ठेवली की अळी त्याची सवय करून घेते.

आणि ती सवय झाली की शेतकरी फवारा वाढवितो. हे मात्र मला जरा सविस्तर सांगावयाचे आहे.

१९९१ च्या डिसेंबरात मी दर्यापूरकडे माहेरी गेले होते. तूर शेंगांवर होती. संध्याकाळी आमच्या सालदाराची बायको धावत आली. "बाई, फवारा मारून आला न् आता डोयाले दिसत नाही म्हन्ते. घाम तं असा सुटला जसा पान्यातून काहाडला." मी कंदील घेऊन गेले. त्याच्या तोंडातून लाळ गळत होती, दंडाचे स्नायू आपोआप उडत होते, आणि डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्या होत्या. भगिनींनो, त्या बाहुल्या मी वर्षानुवर्षे फळ्यावर खडूने काढल्या होत्या. आपल्या मज्जातंतूंचा निरोप स्नायूला पोचला की तो निरोप पुसून टाकणारे एक विकर असते. फवाऱ्यातील ऑर्गॅनोफॉस्फेट जातीचे औषध त्या विकराला जाऊन बिलगते. निरोप पुसला जात नाही, स्नायू थांबत नाहीत, आणि शेवटी श्वासाचे स्नायू थकतात. अळी मरते ती अशीच, आणि माणूसही. तोच अडसर, पण हा कुकरमध्ये शिजत नाही, आणि अळी कोण नि माणूस कोण हे त्याला कळत नाही.

त्याचे कपडे काढून अंग साबणाने धुतले, बैलगाडी सोडून कोणाची तरी जीप मिळवली आणि तालुक्याला नेले. अॅट्रोपिनची इंजेक्शने रात्रभर चालली. तो वाचला. पुढच्या हंगामात पुन्हा पंप पाठीवर घेतला, कारण दुसरे काय घेणार? २०१७ च्या पावसाळ्याअखेरीस यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना वीसहून अधिक माणसे दगावली आणि शेकडो दवाखान्यात पडली, तेव्हा मला त्या कंदिलाच्या उजेडातल्या बाहुल्या पुन्हा दिसल्या.

म्हणून मुलगी पाच वर्षे डाळीवर काय करणार, असे जेव्हा विचारले जाते, तेव्हा माझे उत्तर असे आहे. ती एक अडसर वेगळा करील. त्याची कोणती बाजू ट्रिप्सिनला चिकटते ते पाहील. घाटेअळीच्या पोटातील कोणती कात्री त्याला दाद देते आणि कोणती देत नाही, ते तपासील. बहुतेक दिवस काही निघणार नाही. अळ्या पाळाव्या लागतील, त्या एकमेकींना खातात म्हणून प्रत्येकीला वेगळी डबी द्यावी लागेल, आणि त्यांची चाकरी आईने कधी पाहिली तर ती कपाळाला हात लावील. एवढ्याने फवारा बंद होईल असे मी म्हणत नाही. विद्यापीठातला शोध शेतापर्यंत यायला फार वर्षे लागतात, पुष्कळ वाटेतच राहतात. पण जे येतात ते येतातच. भाभा अणुसंशोधन केंद्र आणि अकोल्याचे कृषी विद्यापीठ यांनी मिळून काढलेला टीएयू-१ हा उडदाचा वाण १९८५ साली आला. त्या अक्षरांत ट्रॉम्बे आहे आणि अकोलाही आहे. आपण वड्यांना आणि पापडांना उडीद आणतो, त्यात तो कितीदा येऊन गेला असेल.

आता बोलणे पुरे. बाहेरच्या टेबलावर एक जुनी एक्स-रे फिल्म ठेवली आहे. माझ्याच गुडघ्याची आहे, तेव्हा कोणी संकोच करू नये. तिच्यावरचा काळा थर जिलेटिनमध्ये बसविलेला असतो, आणि जिलेटिन म्हणजे प्रथिन. ही युक्ती काचोळ्यांच्याच विभागाने १९९४ मध्ये अडसर शोधण्यासाठी बसविली, म्हणजे खर्चिक यंत्र नसले तरी काम अडू नये. व्याख्यान सुरू होण्याआधी आपल्या त्या मुलीने फिल्मवर तीन थेंब टाकले आहेत: एक नुसत्या ट्रिप्सिनचा, दुसरा ट्रिप्सिन आणि कच्च्या तुरीच्या पाण्याचा, तिसरा ट्रिप्सिन आणि शिजवलेल्या तुरीच्या पाण्याचा. धुतल्यावर कोणत्या ठिकाणी काळा थर निघून फिल्म पारदर्शक दिसते आणि कोणत्या ठिकाणी तो तसाच राहतो, ते तिलाच सांगू द्या. धुवायला कोमट पाणी तिच्या आईने आणले आहे. पाणी निवायच्या आत या.