कीर्तिपूरची टेकडी



पशुपतिनाथाचे दर्शन झाले की आपण यात्रेकरू परत फिरतो. आम्ही काठमांडूलगतच्या कीर्तिपुरास गेलो. टेकडीवरचे नेवार लोकांचे हे जुने गाव. चढ दमवणारा, गुडघ्यांनी बजावले!

१७५७ साली गावकऱ्यांनी गोरख्यांचा हल्ला परतवला. त्यांचा सेनापती काळू पांडे त्यात पडला. पुढे पृथ्वीनारायण शहाने गाव जिंकले आणि सूड म्हणून लोकांची नाके कापविली. अब्रू गेली की आपण ‘नाक कापले’ म्हणतो. इथे अब्रू गेली ती कापणाऱ्याची, असे मला वाटले. गाव राखणाऱ्यांच्या ढालीतलवारी बाघ भैरवाच्या देवळावर अजून टांगलेल्या आहेत. खाली एक आजी नातवाला भरवीत होत्या. आम्हांला पाहून त्यांनी सरकून जागा दिली.