पाच पौंडांची नोट आणि फासावरची बाई

कुणा दयाळू बाईची आरती ओवाळायला मी इथं उभी नाही. एलिझाबेथ फ्राय हे नाव मी घेतेय ते हिशेब मांडायला.

ही बाई १७८० साली इंग्लंडातल्या नॉर्विचला जन्मली. बाप गर्नी, बँकवाल्या घराण्यातला. धर्म क्वेकर. नवराही पैसेवाला. अकरा पोरं. म्हणजे उपाशी पोटातून उठलेली ती नव्हेच. तरी १८१३ साली ती लंडनच्या न्यूगेट तुरुंगात शिरली. तिथं बायका-पोरं मिळून जवळजवळ तीनशे जीव दोन बराकींत आणि दोन कोठड्यांत कोंबलेले. अंथरूण नाही. तिथंच शिजवायचं, तिथंच धुवायचं, तिथंच पडायचं. खटला न चाललेली कच्ची कैदीण आणि शिक्षा झालेली एकाच फरशीवर. पहारा पुरुषांचा.

१८१७ साली तिनं काय केलं ते नीट ऐका. तिनं बायकांना विचारलं, पोरांसाठी शाळा काढायची का? शिकवणार कोण? बायकांनी आपल्यातलीच मेरी कॉनर निवडली. घड्याळ चोरलं म्हणून आत आलेली. मग एकेक नियम वाचला गेला, आणि प्रत्येकावर कैदी बायकांनी हात वर करून कौल दिला. बाहेर इंग्लंडात बाईला पार्लमेंटच्या निवडणुकीत मत नव्हतं, आणि इथं तुरुंगात चोर ठरवलेल्या बायका मत देत होत्या!

आता दुसरी बाजूही बघा. त्या नियमांत शिव्या नकोत, पत्ते नकोत, बायबल ऐका, हेही होतं. रोग भुकेचा आणि औषध पापावरचं. १८२३ च्या कायद्यानं बायकांवर बायकांचाच पहारा आला. पण तो पाळला जातो का हे बघायला सरकारी तपासनीस १८३५ पर्यंत नव्हते. ऑस्ट्रेलियाला हद्दपार होणाऱ्या बायकांना तिच्या मंडळानं सुई-दोरा आणि चिंध्या दिल्या. १८४१ साली ‘राजा’ नावाच्या जहाजावर त्यांनी त्यातून एक गोधडी शिवली. आज ती कॅनबेराच्या राष्ट्रीय कलादालनात आहे. गोधडी जपली गेली. शिवणाऱ्या बायका मात्र घरादाराला मुकल्या.

आणि हॅरिएट स्केल्टन? १७९७ पासून बँक ऑफ इंग्लंडनं एक-दोन पौंडांच्या नोटा काढल्या. नक्कल करायला सोप्या. त्या गरिबांच्या हातात फिरू लागल्या. खोटी नोट खपवली की फास. हॅरिएटवर हाच गुन्हा. फ्रायबाई गृहमंत्री लॉर्ड सिडमथपर्यंत गेली. बँकेच्या संचालकांकडेही रदबदली झाली. उपयोग शून्य. १८१८ साली हॅरिएट लटकली. बँकवाल्यांच्या लेकीची विनवणीसुद्धा बँकेपुढं चालली नाही! बाईच्या गळ्यापेक्षा कागद महाग होता.

फ्रायबाई १८४५ साली वारली. २००२ साली त्याच बँकेनं पाच पौंडांच्या नोटेवर तिचं चित्र छापलं. न्यूगेटच्या कैद्यांना वाचून दाखवताना. २०१७ पर्यंत ती नोट चालली. हॅरिएटचं चित्र कुठल्याच नोटेवर आलं नाही. व्यवस्था अशीच वागते, दोस्तहो. जिवंतपणी विनंती धुडकावते, मेल्यावर फोटो लावते, आणि फास कुणी आवळला ते कुणी विचारू नये अशी सोय करते.

मग फ्रायबाईकडून घ्यायचं काय? तिची दया नाही. दया करणारा कंटाळला की दया संपते. घ्यायचे ते वर झालेले हात. उद्या वसतिगृहात, सुधारगृहात, तुरुंगात, कुठंही कुणी ‘सुधारणा’ घेऊन आलं, तर आधी विचारा : नियम कुणी केले? करताना आमचे हात मोजले का? आणि ज्या कायद्यानं आमची माणसं आत टाकली, त्या कायद्यावर तुम्ही कधी बोलणार?

उत्तर मिळेपर्यंत खाली बसू नका.