क्रीडापदवीधर आणि हिशेबाची वही



महाराष्ट्रातील व्यायामचळवळीचा वारसा मोठा आहे. अमरावतीत वैद्य बंधूंनी १९१४ साली हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचा पाया घातला. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी याच मंडळाच्या पथकाने भारतीय खेळांची प्रात्यक्षिके सादर केली. पुण्यात कॅप्टन शिवरामपंत दामले यांनी १९२४ साली महाराष्ट्रीय मंडळ स्थापन केले. अशा संस्थांच्या परंपरेत व्यायाम ही उपासना मानली गेली आणि तो शिकविणे ही सेवा.

याच संस्कारातून एक संकोचही रुजला. शिकविल्याचे पैसे मागणे अनेकांना आजही जड जाते. बी.पी.एड. झालेला तरुण मग शाळेतील जागेची वाट पाहत उमेदीची वर्षे घालवितो आणि घरची वडीलधारी मंडळी विचारतात, ‘खेळून पुढे काय?’

वास्तविक त्याच्या विद्येची गरज घरोघरी आहे. मैदान दुरावलेली मुले आहेत, मधुमेहाने ग्रासलेले मध्यमवयीन आहेत, गुडघे धरून जिना चढणारे ज्येष्ठ आहेत. त्याच्यापाशी उणीव आहे ती हिशेबाची.

समजा, एका वर्गात ३० मुले आहेत आणि मासिक शुल्क ६०० रुपये आहे. जमा झाले १८,०००. मैदानाचे भाडे ५,०००, मदतनिसाचे मानधन ५,००० आणि साहित्य व प्रथमोपचार यांचे २,००० वजा जाता हाती उरले ६,०००. पण पावसाळ्यात वा परीक्षेच्या दिवसांत मुले निम्मी झाली, तर जमा ९,००० आणि खर्च तेवढाच; म्हणजे ३,००० रुपयांची खोट! म्हणूनच उन्हाळी शिबिराची शिल्लक राखून ठेवावी लागते, सकाळच्या वेळी ज्येष्ठांचा वर्ग जोडावा लागतो.

हे गणित पदवीपूर्वीच यावयास हवे. अखेरच्या वर्षी विद्यार्थ्यांच्या प्रत्येक गटाने महाविद्यालयाच्या मैदानावर एक सशुल्क वर्ग स्वतः चालवावा. शुल्क ठरवावे, पावती द्यावी, पालकांचे संमतिपत्र घ्यावे, मुलांच्या आजारांची नोंद ठेवावी आणि वर्षाअखेरीस जमाखर्च परीक्षकांपुढे मांडावा. गावातील सनदी लेखापालाने व बँक अधिकाऱ्याने त्यांना थोडा वेळ द्यावा. २०१५ साली सुरू झालेल्या मुद्रा योजनेतून कर्ज मिळू शकते. पण कर्ज म्हणजे उत्पन्न नव्हे, ते फेडावयाचे असते, हेही तेथेच शिकवावे.

फाळणीनंतर सियालकोटहून निर्वासित होऊन आलेल्या कारागिरांनी आणि व्यावसायिकांनी जालंदरला क्रीडासाहित्याचा उद्योग उभा केला. घरदार मागे राहिले होते. हातातील कसब आणि बाजाराची जाण तेवढी सोबत होती. आपल्या क्रीडापदवीधरांपाशी कसब आहे. जाण देणे हे शिक्षणसंस्थांचे काम आहे.

शुल्क घेतल्याने सेवाभाव उणावतो, ही भीती अनाठायी आहे. शुल्क देणाऱ्या ३० मुलांबरोबर गरीब घरातील तीन मुले विनाशुल्क घ्यावीत आणि त्यांचा खर्च आरंभीच हिशेबात धरावा. ज्याच्या घरची चूल नीट पेटते, त्याचीच सेवा वर्षानुवर्षे अखंड चालते.